टाकी कापायची का पाट फिरवायचा?

आमच्या ग्रुपमधल्या लोकांची वजनं किती कमी झाली ते डॉक्टर सांगतील. पण किस्से मात्र वाढतच चाललेत, हे मी छातीठोकपणे सांगते! एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या पाठोपाठ दुसरा हजर. दर बैठकीनंतर कोणीतरी म्हणतंच, "हे सगळं लिहून ठेवायला पाहिजे राव!" आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. का, तर मी नगरच्या कोर्टात कारकून आहे. जणू कोर्टातल्या बाईला लिहिण्याखेरीज दुसरं कामच नाही!

सध्या मात्र लिहायला बसलेय, कारण मला चैन नाही. येत्या बुधवारी माझं वजन कमी करायचं ऑपरेशन आहे. त्याआधी दोन आठवडे पातळ आहार. म्हणजे प्रोटीनची पावडर, ताक, गाळलेलं सूप, वरणाचं नुसतं पाणी. आज नववा दिवस. सकाळपासून चार वेळा फ्रिज उघडून बंद केला. आत काही नाही हे मला माहीत आहे. अविनाशने, माझ्या नवऱ्याने, सगळं उचलून त्याच्या बहिणीकडे नेऊन ठेवलंय. तरी उघडते. बसले की उठावंसं वाटतं, उठले की गुडघे म्हणतात बस. हात कुठेतरी गुंतलेले बरे, म्हणून लिहितेय.

ग्रुप म्हणजे इथल्याच, नगरच्या सावेडीतल्या एका हॉस्पिटलात दुसऱ्या शनिवारी भरणारी बैठक. ज्यांचं वजन शंभराच्या बरंच पुढे गेलंय आणि डाएट, चालणं, काढे, पट्टे सगळं करून झालंय, त्यांची. काहींचं ऑपरेशन झालेलं, काहींचं व्हायचंय. कोणी कुठलं केलं, कोणाला काय सोसलं, आपण कुठलं करावं, यावर तास दोन तास नुसती चर्चा.

०

हॉस्पिटल नवं, चकाचक. बैठकीचा हॉल तिसऱ्या मजल्यावर. आणि लिफ्ट? आत पाटी लावलेली: 'चार व्यक्ती, २७२ किलो'.

पहिल्या दिवशी मी लिफ्टमध्ये शिरले. तेव्हा माझं वजन एकशे एकतीस. दार लागणार एवढ्यात पांढरा शर्ट, पायजमा, टोपी असे एक गृहस्थ घाईघाईने आत आले. लिफ्ट केकाटायला लागली.

अशा वेळी आयुष्यभर मीच बाहेर पडत आलेय. सवयीने पाऊल उचललं, तर ते म्हणाले, "थांबा ताई. तुमी न्हाई, मी उतरतो. मला सवय हाय."

मी म्हणाले, "सवय मलाही आहे!"

आणि आम्ही दोघंही एकदमच उतरलो. लिफ्ट रिकामी वर गेली!

मग दोघांनी जिन्याकडे बघितलं. एकमेकांकडे बघितलं. आणि बाकावर बसून इतके हसलो की वॉचमन पाणी घेऊन आला.

हे आमचे तात्या. कर्जत तालुक्यातले. कांदा, तूर, दोन म्हशी, आणि पन्नाशीच्या आत एकशे अडुसष्ट किलो.

०

या एकशे अडुसष्टचाही किस्सा आहे. बैठकीत आम्हाला आहार समजावून सांगायला नेहा नावाची मुलगी असते. आहारतज्ज्ञ. स्वतः शेवग्याच्या शेंगेसारखी. तिने तात्यांना विचारलं, "तुम्ही याआधी वजन कधी केलं होतं?"

"घरच्या काट्यावर म्या मावत न्हाई. तालुक्याच्या दवाखान्यातला काटा दीडशेला थांबतो. मंग कांदा घिऊन गेल्तो, तवा मार्केट यार्डातल्या काट्यावर उभा ऱ्हायलो."

"किती भरलं?"

"एकशे सत्तर. पन मापाडी लई चोख. त्यानं विचारलं, तात्या, बारदान धरून का सोडून?"

हॉल गडगडला. नेहा मुंबईची. तिला कळेना. "बारदान म्हणजे?"

"म्हंजी पोतं! मी म्हनलं, कापडं अन् पायतान दोन किलो वजा कर, अन् निव्वळ लिही."

नेहाने त्यांना चपला काढून हॉस्पिटलच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. भरले एकशे अडुसष्ट!

तात्या खाली उतरत म्हणाले, "सांगितलं ना, चोख हाय म्हनून."

नंतर चहाच्या वेळी, बिनसाखरेच्या, ते मला हळूच म्हणाले, "ताई, त्या दिवशी समदं यार्ड हसलं. म्या बी हसलो. पन घरी जाऊस्तवर कोनाशी बोललो न्हाई."

०

आमच्यात दोन पार्ट्या आहेत. स्लीव्हवाले आणि बायपासवाले. स्लीव्हच्या पुढारी जोशी मॅडम. एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. बायपासचे पुढारी रफिकभाई. एमआयडीसीत त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांना शुगर फार होती, म्हणून डॉक्टरांनी बायपास केला.

एका शनिवारी तात्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. "मला नीट सांगा. दोन्हीत फरक काय?"

जोशी मॅडमनी फळ्यावर चित्र काढलं. "ही पोटाची पिशवी. स्लीव्हमध्ये तिचा मोठा भाग कायमचा काढून टाकतात. उरते केळ्याएवढी नळी. भूक कमी लागते आणि थोडक्यात पोट भरतं. आतड्याला हात लावत नाहीत. कळलं?"

रफिकभाईंनी डस्टर घेतलं. "मॅडम, आता माझं. बायपासमध्ये पिशवी काढून टाकत नाहीत. वर लहान कप्पा करतात, अन् आतडं कापून थेट त्याला जोडतात. जुनी पिशवी आतच राहते, पण जेवण तिच्यात जात नाही. म्हणजे तात्या, रेडिएटर तोच, पाण्याचा होजपाइप फिरवला!"

तात्यांनी दोन्ही चित्रांकडे बराच वेळ बघितलं. शेतकरी माणूस. म्हणाले, "म्हंजी टाकी कापायची का पाट फिरवायचा, एवढंच हाय व्हय?"

त्या दिवसापासून आमच्यात कोणी स्लीव्ह, बायपास म्हणत नाही. डॉक्टरसुद्धा राउंडला आले की विचारतात, "काय, टाकी का पाट?"

०

पाटवाल्यांचा एक नियम असतो. गोड जपून. एकदम गोड पोटात गेलं तर ते सरळ आतड्यात उतरतं आणि माणसाला घाम फुटतो, धडधडतं, गरगरतं.

रफिकभाईंचं ऑपरेशन झाल्यावर काही महिन्यांनी दुपारी डॉक्टरांचा फोन वाजला. रफिकभाईंची बायको रडत होती. "डॉक्टरसाब, यांना अटॅक आला! घामाने शर्ट भिजलाय!"

डॉक्टरांनी रफिकभाईंना फोन द्यायला सांगितलं. "छातीत दुखतंय का?"

"नाही. धडधडतंय. आता जातो बहुतेक मी."

"काय खाल्लंत?"

"काही नाही डॉक्टर. कसम से."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रफिकभाई, आज ईद आहे."

मग बारीक आवाजात, "एकच वाटी शीरखुर्मा हो डॉक्टर!"

पाठीमागून बायकोचं रडणं थांबल्याचं डॉक्टरांना स्पष्ट ऐकू आलं. "एकच? मी तीन मोजल्या!"

अर्ध्या तासात सगळं शांत झालं. बायको सोडून.

०

माझं काय चाललं होतं, ते सांगते. मला टाकीचीही भीती, पाटाचीही भीती. शुगर नुकतीच सुरू झालेली. कोर्टाच्या पायऱ्या चढताना मधे दोनदा थांबायचं, आणि थांबल्याचं कोणाला कळू नये म्हणून पर्समध्ये काहीतरी शोधायचं. मागच्या वर्षी तर पर्समध्ये शोधून शोधून मी एक हरवलेली अंगठीसुद्धा शोधून काढली!

मी डॉक्टरांना विचारलं, "ते बलूनचं काय असतं? त्यात कापाकापी नाही ना?"

"नाही. तोंडावाटे दुर्बिणीने पोटात फुगा सोडतात, पाणी भरून फुगवतात. पोट भरल्यासारखं वाटतं. साधारण सहा महिन्यांनी काढून टाकतात."

"मग तेच करा की!"

"आणि काढल्यावर? सवयी बदलल्या नसतील तर वजन परत येतं. तुमच्याएवढं वजन असेल तर एकट्या फुग्याने भागत नाही. ताई, फुगा म्हणजे सहा महिन्यांचा पाहुणा. तुम्हाला पाहुणा हवाय का घरजावई?"

"आणि तो पट्टा असतो तो? पोटाला बांधतात तो?"

"तो घरजावई आहे, पण रोज रुसतो. सारखा घट्ट करा, सैल करा. आता फारसं कोणी बसवत नाही."

म्हणजे परत फिरून तेच. टाकी का पाट!

०

घरी अविनाश गणिताचा मास्तर. त्याने तक्ता केला. एका बाजूला स्लीव्ह, एका बाजूला बायपास. ऑपरेशनची वेळ, धोका, शुगर, अ‍ॅसिडिटी, गोळ्या, आयुष्यभराच्या तपासण्या, केस गळणं. प्रत्येकाला दहापैकी गुण. आमची चर्चा दोन रविवार चालली. मी मधेच गुण बदलायची. तो खोडरबर घेऊन बसलेला.

शेवटी बेरीज झाली. स्लीव्ह सत्तेचाळीस, बायपास सत्तेचाळीस!

मी म्हणाले, "बघ! देवाच्या मनात नाही."

तो म्हणाला, "देवाच्या नाही, तुझ्या मनात नाही. तू मगाशी केस गळण्याचे दोन गुण कापलेस, ते मी बघितलं."

मी तोच तक्ता घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो कौतुकाने बघितला, घडी घातली, मला परत दिला, आणि माझ्या दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट पुढे ठेवला. "तुमची अन्ननलिका अ‍ॅसिडने खाल्लीय. स्लीव्हने ती आणखी बिघडू शकते. शिवाय शुगर आहे. तुमच्यासाठी बायपास. आता तारीख सांगा."

मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात सांगते."

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न निघालं. त्यानंतर कोर्टाची सुट्टी. मग सणवार. मग बदलीच्या अफवा. नेहाने मला फोन करायचा, मी पुढची तारीख द्यायची, असं किती वेळा झालं ते मला आठवत नाही. नेहाने मात्र लिहून ठेवलं होतं.

एक दिवस डॉक्टरांनीच फोन घेतला. "ताई, एक विचारू? तुमच्या कोर्टात कधी निकाल लागतो का हो?"

मी फोन ठेवला आणि रडले. हसण्यासारखंच बोलले होते ते. पण मला ऑपरेशनच्या टेबलावरून परत न उठण्याची भीती वाटत होती, आणि ती मी कोणाला, अविनाशलाही, सांगितली नव्हती. तक्त्यात तिचा रकानाच नव्हता.

०

ऑपरेशनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं लागतं. खाण्याचं, मनाचं, घरचं सगळं विचारतात. तात्यांना तिथल्या मॅडमनी खुर्चीत बसवलं. बिनहाताच्या. आमच्या हॉस्पिटलात सगळ्या खुर्च्या बिनहाताच्या आहेत, एवढी एक गोष्ट त्यांनी फार चांगली केलीय.

मॅडमनी विचारलं, "तात्या, जेवण समोर आलं की तुमच्या मनात नेमकं काय येतं? सावकाश सांगा. डोळे मिटून आठवा हवं तर."

तात्यांनी डोळे मिटले.

मॅडम वही घेऊन वाट बघत बसल्या. एक मिनिट. दोन मिनिटं. त्यांना वाटलं, माणूस फार खोलवर गेलाय. आणि मग तात्या घोरायला लागले!

बाहेर आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. जोशी मॅडम म्हणाल्या, "कोणीतरी ड्रिल मारतंय वाटतं."

तात्यांबरोबर त्यांची बायको यायची. शेवंताकाकू. लहानखुऱ्या, काटकुळ्या, बैठकीत कायम दाराजवळ बसायच्या. वर्षभरात त्यांनी कोणाशी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. मानसोपचाराच्या मॅडमनी त्यांना आत बोलावून विचारलं, "असं दिवसा झोपतात का?" काकूंनी मान हलवली. "कुठे कुठे?" काकूंनी मॅडमच्या कानाशी पुटपुटत बोटं मोजली. जेवताना. देवळात. आणि तिसरं बोट मुठीत धरलं. ट्रॅक्टरवर.

मग कोणी हसलं नाही. जाडेपणामुळे झोपेत श्वास अडकतो, रात्रभर खरी झोप लागतच नाही, म्हणून माणूस दिवसा असा पडतो. तात्यांना झोपताना नाकावर लावायचं मशीन दिलं, आणि डॉक्टर त्यांना स्पष्टच म्हणाले, "आता पुढे ढकलायचं नाही. आणि ट्रॅक्टरची चावी काकूंकडे."

तात्यांना शुगर नव्हती, अ‍ॅसिडिटी नव्हती. गाव लांब, वर्षानुवर्षं गोळ्यांचा काटेकोर नियम पाळणं जमेल का याची डॉक्टरांना शंका. त्यामुळे त्यांच्यासाठी स्लीव्ह ठरली. तंबाखू त्या दिवशीच सुटली. म्हणजे पुडी काकूंनी हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि तात्या डब्याकडे बघत उभे राहिले!

०

मधे जोशी मॅडमचं सांगते, नाहीतर राहून जाईल. दोन वर्षांत त्यांचं वजन जवळजवळ अर्ध्यावर आलं. चेहरा पार बदलला. बँकेत काही कागद द्यायला गेल्या. काउंटरवरच्या नव्या पोराने आधारकार्डावरचा फोटो बघितला, मॅडमकडे बघितलं. परत फोटो.

"ह्या कोण?"

"मी."

"नाही मॅडम. ज्यांचं खातं आहे, त्यांना स्वतः यावं लागेल."

"अरे, मीच ती!"

"मॅडम, प्लीज. तुमच्या मोठ्या बहिणीला पाठवा."

जोशी मॅडम हे आम्हाला सांगताना हसत होत्या. म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं, बाळा, ती आता येणार नाही!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. पण मॅडम खाली बसल्या आणि पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "खरं सांगू? घरी येऊन तो फोटो खूप वेळ बघितला. तिला किती लोकांनी किती नावं ठेवली. आणि ती तरी शाळेत रोज वेळेवर जात होती."

०

आता तात्यांची आमटी.

मी सध्या भोगतेय तो पातळ आहार तात्यांनाही दिला होता. त्याचं कारण असं की पोटाच्या पिशवीवर लिव्हर येतं. जाड माणसाचं लिव्हर चरबीने फुगलेलं असतं. ते आक्रसलं नाही, तर डॉक्टरांना आत नीट दिसत नाही, ऑपरेशन अवघड होतं.

नेहा रोज सकाळी तात्यांना फोन करायची. "काय घेतलं काल?"

"पातळच."

"आज?"

"पातळच की पोरी."

पाचव्या दिवशी तात्या वजनाला आले. वजन तसूभर हललं नव्हतं. उलट अर्धा किलो वरच!

नेहा गोंधळली. "तात्या, पातळ म्हणजे नेमकं काय घेताय?"

"भावकीत जावळ हुतं. शिपी आमटी केल्ती."

आमच्या कर्जतकडची शिपी आमटी ज्यांनी खाल्लीय त्यांना वेगळं सांगायला नको. काळी, झणझणीत, आणि वर तेलाचा तवंग असा की त्यात तोंड दिसावं.

नेहाने कपाळाला हात लावला. "किती घेतली?"

"भाकरी न्हाई बुडवली हां! तू सांगितलं हुतं ना, चावायचं न्हाई. मंग तशीच प्यालो. सा वाट्या."

"आणि वरचं तेल?"

तात्या अगदी निरागसपणे म्हणाले, "ते बी पातळच असतंय की!"

डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी तात्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, की तारीख पुढे जाईल, आणि तोवर झोपेत काही झालं तर मी जबाबदार नाही. तात्यांची मान खाली गेली. त्यानंतर त्यांनी आणि काकूंनी घरातला तवा माळ्यावर टाकला. नऊ दिवस दोघांनी मिळून ताक आणि मुगाचं पाणी. काकूंचं काय काम होतं त्यात, असं मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "तिला म्हनलं, तू तरी खा. बोलायलाच तयार न्हाई."

०

तात्यांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. चार महिने होतील आता. घोरणं पुष्कळ कमी झालंय, ट्रॅक्टरची चावी अजून काकूंकडेच आहे. केस गळतात म्हणून टोपी अजिबात काढत नाहीत. वाटीभर जेवायला त्यांना अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास संपता संपत नाही अशी तक्रार असते. मागच्या बैठकीला ते आणि मी एकाच लिफ्टमधून वर गेलो.

पण मला सांगायचाय तो त्यांच्या भरतीच्या दिवसाचा किस्सा. त्याच दिवशी संध्याकाळी मी नेहाला फोन करून तारीख मागितली. रांगेत ती या बुधवारची मिळाली, आणि मी परत बदलली नाही.

भरती दुपारची होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. कोर्टाच्या मधल्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. तात्या कॉटवर बसले होते. हॉस्पिटलचा सर्वांत मोठा गाऊन त्यांना पाठीमागे पुरत नव्हता, म्हणून काकूंनी वरून घरची चादर पांघरली होती. कॉटच्या पायथ्याशी कापडी पिशवी घेऊन त्या उभ्या होत्या.

डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आले. सगळं परत समजावून सांगितलं. पोटाचा मोठा भाग काढणार, तो परत बसवता येणार नाही. धोके कुठले, रक्तस्राव, टाक्यांतून गळती, भुलीचा धोका. म्हणाले, हजारो लोकांचं नीट होतं, तरी सांगणं माझं काम. तात्यांनी ऐकलं आणि सही केली.

कागदावर नातेवाइकांची सही लागते. डॉक्टर काकूंकडे वळले. "काकू, तुम्हाला काही विचारायचंय?"

काकूंनी पदर सारखा केला. आणि वर्षभरात पहिल्यांदा आम्ही त्यांचा आवाज ऐकला.

"आधी माझं करा."

डॉक्टरांना नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"आधी माझं आपरेशन करा. मला सोसतंय का बघा. मंग ह्यानला हात लावा."

तात्या दचकले. "आगं, येडी का खुळी तू!"

नेहा फस्सकन हसली. मीही हसले. डॉक्टरही हसत म्हणाले, "काकू, तुमचं वजन बेचाळीस किलो. तुमचं काय कापू मी?"

"थोडंच कापा."

"अहो, असं करता येत नाही काकू."

काकू हलल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, बसवलं, परत पहिल्यापासून समजावलं. त्या ऐकत होत्या. इतक्यात सिस्टर चहाचा ट्रे घेऊन आली. नातेवाइकांसाठी चहा आणि बिस्किटं. डॉक्टरांनी स्वतः कप उचलून काकूंपुढे धरला. "घ्या. चहा घ्या आधी."

काकूंनी कप मागे सारला. "नगं. तुमीच म्हनला हुता, आपरेशनच्या आधी पोटात काय नगं. मी कालच्या सांजपासनं पानी बी न्हाई घेतलं."

नेहाने तोंड फिरवलं.

तेव्हा माझं लक्ष गेलं. काकूंचा गळा मोकळा होता. कानही मोकळे. पायात जोडवीही नव्हती, ऑपरेशनआधी दागिने काढायला सांगतात तसं सगळं उतरवलेलं. त्यांनी पिशवीत हात घालून गाठ मारलेला एक रुमाल काढला, उठल्या, आणि माझ्या हातात दिला.

"ताई, तुमी कोर्टात हाय. हे तुमच्यापशी ठिवा."